एका मिनिटात तुम्ही!

मुंबईत नोकरी करणाऱ्याला गेटवेला जायला काहीतरी कारण लागतं. गावाकडचे पाहुणे, एलिफंटाची लाँच, नाहीतर मांडव्याचा वीकएण्ड. एरवी आपण कॉजवेवर चपला घेतो, कॉफी पितो आणि तिथूनच परत फिरतो. गेटवे म्हणजे टुरिस्टांची जागा, आपलं काय काम तिथे?

माझं काम होतं. आईने सांगितलेलं.

झालं असं, की आमच्या ग्रुपची ऑफिशियल फोटोग्राफर मी. राजमाचीचा ट्रेक, दिवेआगरचा सूर्यास्त, ऑफिसची लोणावळ्याची आउटिंग, सगळं माझ्या मोबाइलमध्ये. घरी नांदेडला मी ते नियमाने पाठवते. परवा आईचा फोन आला, “धबधबा छान आहे गं, पण त्यात तू कुठे आहेस?” लगेच एक सेल्फी काढून पाठवला. उत्तर आलं, “एवढ्या जवळून नको. आख्खी दिसली पाहिजेस. बारीक झालीस का ते कळत नाही.”

बरोबरच आहे म्हणा. सेल्फीत माणूस हाताच्या लांबीएवढाच मावतो. आणि ऑफिसात मला रोज सकाळी ओळखतं कोण, तर दारावरचं हजेरीचं मशीन. अर्ध्या सेकंदात चेहरा स्कॅन, हिरवा दिवा, थँक्यू. त्यानंतर दिवसभर सगळे आपापल्या स्क्रीनकडे बघतात. मीसुद्धा.

तर रविवारी सकाळी गेटवे. सिक्युरिटीच्या दारातून आत गेलं की पहिल्या दहा पावलांतच कुणीतरी विचारतं, “फोटो?” गळ्यात कॅमेरा, खांद्याला बॅग, हातात नमुन्यांचा अल्बम. हा अल्बम जरूर चाळा. हनीमूनची जोडपी, गणवेशातली सहल, ताजच्या घुमटाला चिमटीत पकडलेला मुलगा. एकही मॉडेल नाही, सगळी तुमच्याआमच्यासारखी माणसं.

पूर्वी इथल्या काही जणांकडे पोलरॉइड असायचे. २००८ मध्ये त्या कंपनीने झटपट फोटोची फिल्म बंद करत असल्याचं जाहीर केलं. डिजिटल कॅमेरा आला, बॅगेत छोटा प्रिंटर आला. आणि मग प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला, धंदा बसला. २०१९ च्या रितेश बत्राच्या ‘फोटोग्राफ’मध्ये नवाजुद्दीन सिद्दिकी असाच गेटवेवरचा फोटोग्राफर झालाय. सिनेमा संथ आहे, पण बघा.

गंमत म्हणजे ही कमानही एका माणसाच्या येण्याची आठवण म्हणूनच बांधलेली. २ डिसेंबर १९११ ला राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी इथे, अपोलो बंदरावर उतरले. कमान तेव्हा उभी राहायची होती, त्यामुळे राजाला बघायला मिळाली फक्त पुठ्ठ्याची प्रतिकृती. जॉर्ज विटेटचं डिझाइन मंजूर झालं १९१४ मध्ये आणि उद्घाटन झालं ४ डिसेंबर १९२४ ला. राजा परत भारतात आलाच नाही. म्हणजे ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, त्याचाच गेटवेसमोर फोटो नाही!

आमच्या पुढे नंबर होता नऊ जणांच्या एका कुटुंबाचा. सगळे पटापट उभे राहिले, आजी आपोआप कडेला. हात सरळ, पदर डोक्यावर, अर्धी फ्रेमच्या बाहेर. फोटोग्राफरने कॅमेरा खाली घेतला. “आजी, तुम्ही मध्ये या.” आजींनी मागे वळून पाहिलं, दुसऱ्या कुणाला म्हणतोय की काय म्हणून. शेवटी नातवाने हाताला धरून मध्ये आणलं. प्रिंट निघाली तेव्हा त्यांनी ती लांब धरून आधी नातवाला शोधलं, मग सुनेला, आणि बऱ्याच वेळाने बोट ठेवून विचारलं, “ही मी हाय का?” फोटो मग त्यांच्याच पिशवीत गेला. मुलगा मागत होता, दिला नाही.

ती प्रिंट निघताना बघणं हा खरा शो. कागद एकदम बाहेर येत नाही, चार वेळा आतबाहेर करतो. आधी तुम्ही पिवळे. मग त्यावर गुलाबी चढतो, माणूस उन्हात भाजल्यासारखा. मग निळा चढतो आणि अचानक तुम्ही तुम्ही दिसता. चौथ्या फेरीत वरून पारदर्शक थर बसतो, म्हणजे बोटांचे डाग नकोत. साधारण मिनिटभराचं काम.

माझा नंबर आला. “एकट्याच?” त्याने विचारलं, पण सहानुभूती वगैरे नाही, फ्रेम ठरवायला. मला गेटवे मागे हवा होता. त्याने मान हलवली. सकाळी सूर्य समुद्राकडून, कमानीच्या मागून येतो, चेहरा काळा पडतो. सकाळी ताज मागे घ्यायचा, गेटवे दुपारनंतर. मग सुरू झालं, “सॅक खाली ठेवा. चष्मा थोडा वर. हनुवटी खाली. हात असे बांधू नका, घरी पाठवायचाय ना?”

मी त्याला घराचं काहीच सांगितलं नव्हतं.

“कसं कळलं?” तर म्हणाला, मित्रांना दाखवायचा असेल तर लोक मोबाइलवर काढतात. कागदावर हवा असतो तो घरच्यांसाठी.

फोटोत मी डोक्यापासून बुटांपर्यंत आहे. पाठ जरा वाकलेली, बहुधा खुर्चीची कृपा. आईला कुरियरने पाठवला. तिचा निकाल: बारीक झालेली नाहीस, केस नीट बांधत जा.

निघताना मी त्याला म्हटलं, तुमचा एक काढू का? तो कॉलर सारखी करत गेला आणि खाली न बघताच बरोबर त्याच फरशीवर उभा राहिला, जिथे मला उभं केलं होतं. मी मोबाइल धरला आणि म्हटलं, हनुवटी खाली. हसला. प्रिंट काढा म्हटलं, तर मात्र नको म्हणाला. कागद मोजून आणलेले असतात, आणि रविवारची गर्दी अजून यायची होती.