दहा दिवस गप्प बसायच्या आधी

आमच्या घरातले बुद्ध कधी एकटे नव्हते. भिंतीवरच्या फोटोत त्यांचे डोळे मिटलेले असायचे, पण भोवती कायम माणसं आणि आवाज. १४ एप्रिलची मिरवणूक, विहारातल्या माइकवरून बुद्धवंदना, वर्षावासात रोज संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चं वाचन आणि शेवटी मोठ्या गंजातली खीर. नागपूरच्या आमच्या वस्तीत कुणी ‘ध्यानाला बसतो’ म्हटलेलं मला आठवत नाही. आम्ही बुद्धांसाठी एकत्र उभे राहायचो. डोळे मिटून बसणं निवांत लोकांचं काम होतं.

आणि आता मी बँकॉकमधल्या एका होस्टेलच्या बंकवर बसून हे लिहितेय. उद्या रात्रीच्या रेल्वेने दक्षिणेला चैयाला जायचंय. तिथे सुआन मोक्ख आहे, म्हणजे मोक्षाची बाग. परदेशी लोकांसाठी दर महिन्याच्या १ तारखेला तिथे दहा दिवसांचं शिबिर सुरू होतं. पहाटे ४ ला घंटा, सिमेंटचा ओटा, वर चटई, उशीला लाकडाचा ठोकळा. फोन जमा. बोलणं बंद. शिकवतात ते आनापानसती, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष ठेवणं.

होस्टेलमधला एक जर्मन मुलगा याला ‘मेंटल डिटॉक्स’ म्हणतो. आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली, “डोळे मिटून बसासाठी इतक्या दूर कायले जा लागते वं? आपली इगतपुरी काय वाईट होती?”

तिला मी सुट्टीचं आणि स्वस्त तिकिटाचं कारण सांगितलं. तेही खरं आहे. पण पहिल्यांदा डोळे मिटायचे, तर जिथे माझ्या आडनावावरून कुणाला काहीच कळत नाही अशा ठिकाणी मिटावेत, असं मला वाटत होतं.

सिद्धार्थाने म्हातारा, आजारी माणूस आणि प्रेत पाहून घर सोडलं, ही गोष्ट बाबासाहेबांना पटली नव्हती. त्यांच्या ग्रंथात शाक्य आणि कोलियांमध्ये रोहिणी नदीच्या पाण्यावरून भांडण पेटतं, सिद्धार्थ युद्धाला विरोध करतो आणि त्यापायी त्याला घर सोडावं लागतं. ज्या घरांत १९२७ च्या महाडची गोष्ट सांगितली जाते, तिथे पाण्याचं भांडण वेगळं समजावून सांगावं लागत नाही. दुःख बाहेर होतं, तळ्यावर होतं, विहिरीवर होतं. मग मी आत काय शोधायला चालले आहे?

माझा श्वास कुठे अडकतो ते मला ठाऊक आहे. ऑन-कॉल असताना रात्री ३ ला फोन वाजला की अडकतो. ते बहुतेक सगळ्याच इंजिनिअरांचं होत असेल. पण नव्या टीममध्ये कुणी हसत हसत “पूर्ण नाव काय गं?” विचारलं की जास्त अडकतो. कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात एकीने सीईटीची रँक विचारली होती, तेव्हापासूनची ही सवय. तळ्यावरचं भांडण माझ्या छातीत असं येऊन बसलंय. थेरपिस्टला हे सांगायला मला चार सेशन लागली.

सुआन मोक्ख १९३२ मध्ये भिक्खू बुद्धदासांनी सुरू केलं. मनात ‘मी’ आणि ‘माझं’ उठतं तो प्रत्येक क्षण म्हणजे एक जन्म, असं ते शिकवायचे. मेल्यानंतरच्या जन्मापेक्षा त्यांना हाच महत्त्वाचा वाटायचा. आत्म्याचा पुनर्जन्म बाबासाहेबांनीही नाकारला होता, त्यामुळे वाचताना ओळखीचं वाटलं. पण ‘मी’ सोडायचा, या जागी मी थांबले.

माझी आजी १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर होती, सोळा वर्षांची. तिला धम्माबद्दल विचारलं की ती पांढरं लुगडं कुणाकडून उसनं आणलं ते सांगायची, आणि परतताना माणसं कशी ताठ चालत होती ते. त्या दिवशी तिला ‘मी’ म्हणायला मिळालं. दोन पिढ्यांनी तो जपला. आणि मी तो सोडायला शिकायला निघालेय?

कदाचित ज्याच्याकडे काही असतं त्यालाच ते सोडता येतं. आजीने मिळवलं म्हणून मी निदान ते हातात धरून बघू शकते. कदाचित हा नुसता युक्तिवाद असेल आणि तिसऱ्या दिवशी गुडघ्यांपलीकडे काही सुचणार नाही.

काल इथल्या एका विहारात संध्याकाळची वंदना चालली होती. ‘बुद्धं’चं ‘फुत्थंग’ झालेलं, चालही वेगळी. तरी मागे उभ्या उभ्या माझे ओठ हलायला लागले.

बॅग भरून झालीय. आईचा शेवटचा मेसेज आहे, “११ तारखेले फोन करजो. आन् दोन्ही टाइम नीट जेवजो.” तिथे दुपारनंतर जेवण नसतं, हे तिला अजून सांगितलेलं नाही.