बालाघाटच्या वाटेवर एकच भिंग

गोंदियाहून बालाघाटास निघण्यापूर्वी आमच्या घरी एका प्रश्नाचा बराच खल झाला. कॅमेऱ्यासाठी भिंग कोणते घ्यावे? ऐपत एकाचीच होती. थोरल्या चिरंजिवांचा आग्रह ३०० मिलिमीटरच्या भिंगासाठी. कारण मुक्की द्वारातून कान्हाच्या अरण्यात जावयाचे होते. तेथे गाडीतून उतरण्यास मनाई. तेव्हा दूरचा प्राणी भिंगानेच जवळ आणावा लागतो. त्यांचे म्हणणे रास्तच होते.

परंतु अशा भिंगात हात किंचित हलला तरी चित्र पुसट होते. पहाटेच्या अपुऱ्या उजेडात तर अधिकच. शिवाय घरी अंथरुणास खिळलेल्या मावशीने निघताना सांगितले होते, “माझ्या माहेरची वैनगंगा नि तुम्ही सगळे एकाच चित्रात दाखवा रे!” दूरच्या भिंगात एवढे कोठून मावणार? अखेर आम्ही १८ ते १३५ मिलिमीटरचे भिंग घेतले.

कान्हाच्या कुरणात बाराशिंगे दिसले. १९७० साली येथे केवळ ६६ उरलेली ही जात पुढे जपणुकीने वाचली. आमच्या चित्रात मात्र ते ठिपक्यांएवढेच उमटले. चिरंजीव हिरमुसले.

घरी परतल्यावर मावशीने नदीचे चित्र उशाशी ठेवून घेतले. घाट ओळखला, एकेका चेहऱ्यावरून बोट फिरविले. चिरंजीव ते पाहत उभे होते. बाराशिंग्यांविषयी ते पुन्हा बोलले नाहीत.

वाचकहो, भिंग निवडताना प्रथम एवढेच विचारावे: हे चित्र कोणासाठी?