आपल्या वस्तीतले केळुसकर गुरुजी कुठे आहेत?



दहावी-बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांमध्ये सत्कार सुरू होतात. शाल, पुष्पगुच्छ, बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोर फोटो, आणि संध्याकाळपर्यंत तो फोटो सगळ्या ग्रुपवर. सत्काराला आमचा विरोध नाही. पण नव्वद टक्के मिळवून व्यासपीठावर उभी राहिलेली मुलगी दोन वर्षांनी कुठे शिकते, याची नोंद आपल्यापैकी किती जणांकडे आहे?

आम्ही शिरपुरात एका अभ्यासिकेत मुलांसोबत काम करतो. तिथे येणाऱ्या अकरावीच्या एका मुलीला दिल्ली विद्यापीठात राज्यशास्त्र शिकायचे आहे. वडील सूतगिरणीत पाळीवर जातात, आई हंगामात कापूस वेचते. दहावीपर्यंत मराठी माध्यम. तिने आम्हाला सरळ विचारले, "दादा, माझा नंबर लागायचे चान्सेस किती?" हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही, म्हणून उत्तर इथे सगळ्यांसमोर मांडतो आहोत.

आधी आकडे पाहू. २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांतील पदवीचे प्रवेश सीयूईटी या परीक्षेतून होतात. २०२५ मध्ये या परीक्षेसाठी १३ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी नोंदणी केली. हा आकडा ऐकूनच आपली मुले माघार घेतात. पण एकट्या दिल्ली विद्यापीठात पदवीच्या ७० हजारांच्या आसपास जागा आहेत. अनुसूचित जातींचा १५ टक्के वाटा धरला तर त्या १० हजारांच्या वर जातात. परीक्षा मराठीसह १३ भाषांत देता येते. म्हणजे दार बंद नाही. दारापर्यंतच्या वाटेवर मात्र चार नाकी आहेत, आणि आपली मुले बहुतेक तिथेच अडतात. त्यांची बुद्धी तपासण्याची वेळच येत नाही.

पहिले नाके तारखांचे. सीयूईटीचा अर्ज निघतो तो नेमका आपल्या बारावीच्या बोर्डाच्या परीक्षेच्या धामधुमीत. शहरातल्या क्लासचा मुलगा तो अर्ज झोपेतसुद्धा भरेल, कारण क्लासवाले त्याला आठवण करून देतात. आपल्या मुलीला कोण सांगणार? अर्जात विषय निवडताना बारावीच्या विषयांशी मेळ बसला नाही तर हवा तो अभ्यासक्रम तिथेच हातून जातो. परीक्षा झाली की काम संपले असे अनेकांना वाटते. पण दिल्ली विद्यापीठासाठी त्यांच्या स्वतंत्र पोर्टलवर पुन्हा नोंदणी करावी लागते आणि कॉलेजांचा पसंतीक्रम भरावा लागतो. चांगले गुण असूनही ही पायरी चुकली तर प्रवेश नाही.

दुसरे नाके कागदांचे. या मुलीच्या शाळेच्या दाखल्यावर फक्त 'बौद्ध' लिहिलेले आहे. पणजोबांच्या जुन्या दाखल्यावर 'महार' आहे. जात प्रमाणपत्रासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा शोधावा लागतो. केंद्रीय विद्यापीठासाठी प्रमाणपत्र पुन्हा केंद्राच्या नमुन्यात लागते. एका टेबलावर तिच्या वडिलांना ऐकवले गेले, "बौद्ध झालात ना, मग एससीचे कशाला मागता?" याचे उत्तर प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ पाहिजे. महाराष्ट्राने राज्यस्थापनेनंतर लगेच बौद्धांना सवलती दिल्या. केंद्रात त्यासाठी १९९० साल उजाडावे लागले, तेव्हा अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती झाली आणि बौद्धांचा समावेश झाला. १९५६ ला आपण धर्म बदलला. जातीने केलेले नुकसान त्या दिवशी भरून निघाले नव्हते. हा हक्क कुणाच्या मेहरबानीचा नाही, कायद्याचा आहे.

तिसरे नाके पैशांचे, आणि तेही वेळेवर पैसे हातात असण्याचे. उत्तर प्रदेशातल्या मुझफ्फरनगर जिल्ह्यातील एका रोजंदारी मजुराचा मुलगा २०२४ मध्ये जेईई अॅडव्हान्स्ड पास झाला. धनबादच्या आयआयटीत जागा मिळाली. जागा पक्की करण्यासाठी १७,५०० रुपये २४ जूनच्या सायंकाळी पाचपर्यंत भरायचे होते. घरच्यांनी रक्कम जमवली, पण भरणा होण्याआधी वेळ संपली. जागा गेली. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला तेव्हा ३० सप्टेंबर २०२४ रोजी न्यायालयाने त्याला प्रवेश देण्याचा आदेश दिला. त्याला न्याय मिळाला याचा आनंद आहे. पण १७,५०० रुपयांसाठी दिल्ली गाठणे प्रत्येकाला जमणार आहे का? ते पैसे वस्तीतल्या एखाद्या निधीत तयार असते तर कोर्टाची पायरी चढावीच लागली नसती.

योजना नाहीत असे नाही. आयआयटीत अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना शिकवणी शुल्क माफ आहे. केंद्राची 'टॉप क्लास' शिष्यवृत्ती ठरावीक नामांकित संस्थांत मिळते, तिची उत्पन्नमर्यादा ८ लाख आहे. राज्यात वसतिगृह न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना आहे. पण योजनेचे पैसे नंतर येतात, प्रवेशाचे आधी भरावे लागतात. मधल्या या दोन-चार महिन्यांत आपली मुले गळतात.

चौथे नाके टिकण्याचे. या मुलीची आई आम्हाला म्हणाली, "भाऊ, आमनी पोर तठे एकटी कशी राही?" या प्रश्नाला अडाणीपणा समजू नका. जळगावच्या आदिवासी कुटुंबातली डॉ. पायल तडवी पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणासाठी मुंबईला गेली आणि मे २०१९ मध्ये आपण तिला गमावले. तिची आई आणि रोहित वेमुलाची आई, दोघींनी मिळून कॅम्पसमधील जातीय भेदभावाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. केंद्रीय विद्यापीठे, आयआयटी आणि आयआयएममधून पाच वर्षांत अनुसूचित जाती, जमाती व ओबीसींच्या १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी शिक्षण सोडल्याची माहिती सरकारनेच २०२३ मध्ये संसदेत दिली. म्हणून आमचे उत्तर 'पाठवू नका' असे नाही. एकटे पाठवू नका, असे आहे. तिथल्या आंबेडकरी विद्यार्थी संघटनांशी ओळख करून द्या. पहिल्या वर्षी दर आठवड्याला फोन करणारे कुणीतरी ठरवून ठेवा.

आता कुणी म्हणेल, दिल्लीच कशाला? आपल्या शिरपुरात तापीकाठी अभिमत विद्यापीठाचा परिसर आहे, खासगी विद्यापीठे वाढत आहेत. मित्रांनो, इथे कायदा नीट समजून घ्या. खासगी संस्थांत आरक्षणाची वाट मोकळी करणारे कलम १५(५) ९३व्या घटनादुरुस्तीने आले. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ते वैध ठरवले. पण केंद्राचा २००६ चा कायदा केंद्रीय संस्थांपुरताच आहे. खासगी विद्यापीठांवर अनुसूचित जातींसाठी जागा राखण्याचे बंधन घालणारा कायदा संसदेने अजून केलेला नाही. २०२५ मध्ये संसदीय समितीने तशी शिफारस केली आहे. शिफारशीचा कायदा व्हावा ही मागणी रस्त्यावर आली पाहिजे. तोवर सरकारी विद्यापीठातली प्रत्येक राखीव जागा आपल्यासाठी मोलाची आहे.

बाबासाहेबांच्या बुद्धीबद्दल आपण रोज बोलतो. पण त्या बुद्धीला वाट दाखवणारा माणूसही होता. मॅट्रिकच्या सत्कारात केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र दिले आणि तिथेच थांबले नाहीत. पुढे सयाजीराव गायकवाडांपर्यंत त्यांचे नाव पोहोचवले. १९१२ ला बी.ए., १९१३ ला कोलंबिया, या प्रवासात त्यांच्या खटपटीचा वाटा आहे. सत्कार कसा करावा याचा हा धडा आहे. आणि प्रत्येक पोराला असा गुरुजी नशिबाने भेटेल यावर बाबासाहेब विसंबले नाहीत. त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी उभारली, १९४६ ला सिद्धार्थ कॉलेज सुरू केले, १९५० ला औरंगाबादला मिलिंद. नशिबाची गोष्ट त्यांनी संस्थेच्या हाती दिली.

आपल्या तालुक्याला 'शिरपूर पॅटर्न' नवा नाही. नाले खोल केले, बंधारे बांधले, वाहून जाणारे पाणी जमिनीत मुरवले. पाऊस तोच होता, अडवणारे हात नवे होते. आपल्या मुलांच्या हक्काच्या जागांचेही असेच आहे.

म्हणून आमचा प्रस्ताव साधा आहे. बाबासाहेब ३१ जुलै १९३७ रोजी खटल्यासाठी धुळ्याला आले, लळिंगच्या लांडोर बंगल्यात थांबले. दरवर्षी त्या दिवशी आपण हजारोंनी तिथे जातो. तेव्हा बारावीचे वर्ष नुकतेच लागलेले असते आणि सीयूईटीच्या अर्जाला अजून काही महिने असतात. त्या दिवशी तिथे एक टेबल लावा. बारावीच्या प्रत्येक मुलामुलीचे नाव, विषय आणि जात प्रमाणपत्राची स्थिती लिहून घ्या. जयंतीच्या वर्गणीतून डीजेच्या आधी प्रवेश निधीचा वाटा काढा. दहा मुलांमागे एक शिकलेला कार्यकर्ता नेमा. अर्ज, कागद, भरणा आणि पहिल्या वर्षाची विचारपूस ही सगळी जबाबदारी त्याची.

'शिका' हे पोरांना सांगून झाले. 'संघटित व्हा' हे मोठ्यांना सांगितले होते. प्रवेशाच्या कामात ते आपल्याला लागू आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!