दोनशे तासांची मैत्री

चाळिशीनंतर यांच्या बदलीमुळे आम्ही रत्नागिरीत आलो. मुलं शिकायला पुण्यात. सलाम, नमस्कार सगळ्यांशी होता. पण एका रात्री यांना जोराचा ताप भरला, तेव्हा फोन कुणाला करावा हेच सुचेना. ओळख आणि मैत्री यांतला फरक त्या रात्री कळला.

अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी याचा हिशेब मांडला आहे. साध्या मैत्रीला साधारण ५० तासांचा सहवास लागतो, जिवलग मैत्रीला २०० हून अधिक. शाळेत हे तास आपोआप मिळतात. संसारात ते काढावे लागतात.

मी रोज असरनंतर थिबा पॉइंटला फिरायला जाऊ लागले. तिथे दोघीजणी नेहमी भेटायच्या. आधी पावसापाण्याचं बोलणं झालं, मग मासळीचे भाव, मग घरातली दुखणी. रोज तासभर म्हटलं तरी सात महिने गेले. पुढे एकदा मी चार दिवस गेले नाही, तर दोघी दारात हजर. "भाभी, बरं आहे ना?"

बहिणींनो, नव्या गावात एक जागा आणि एक वेळ ठरवा. ती चुकवू नका.