मामूंच्या होडीतल्या एकतीस वायरी

राजिवड्यात आमच्या मामूंची होडी आहे. लाकडी, आणि वयाने माझ्या बी.एड.च्या सर्टिफिकेटपेक्षा बरीच मोठी. मूळची शिडाची. मशीन नंतर बसलं. मशीनबरोबर बॅटरी आली, बॅटरीबरोबर दिवे आले, मग पाणी उपसायचा पंप, वायरलेस, जीपीएस, आणि अलीकडे मोबाइलचे चार्जर. काठी आणि शीड अजून आहे; वारा पाठीमागून मिळाला की डिझेल वाचवायला चढवतात. पण बोर्डाच्या मागे दर नव्या वस्तूसाठी एकेक वायर वाढत गेली आणि जुनी मात्र कुणीच काढली नाही. कुठली वायर कुठे जाते ते मामूंना माहीत होतं, त्यामुळे कुणाला लिहून ठेवायची गरज वाटली नाही.

गेल्या हिवाळ्यात मामूंना झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. समजतं सगळं, शब्द येत नाही. आता मामेभाऊ तांडेल आहे. एप्रिलमध्ये एका रात्री, किनारा तीन तास लांब असताना, बोर्डामागून जळका वास यायला लागला. त्याने बॅटरीची वायर उपटली आणि अंधारातच होडी परत आणली. लाकडाची होडी, शेजारी डिझेलची टाकी, वर चार माणसं. मामींनी हे ऐकलं तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, फक्त तसबी घेऊन बसल्या.

१ जूनला बंदी लागली, होडी वर काढून शाकारली, आणि मामेभावाने मला फोन केला. "भाईजान, वायरमन बघतो मी. पण लिहून काढायला माणूस पायजे." म्हणून उर्दू-मराठीचा मास्तर शंभर पानी वही घेऊन होडीत चढला.

एक गोष्ट मी आधीच बजावली होती : घरांचं काम करणारा माणूस नको, होड्यांचंच करणारा बघ. घरातली तार भिंतीत गप्प बसते, होडीतली मशीनबरोबर रोज हादरते आणि खारी हवा पिते. शिवाय घरात काळी वायर म्हणजे न्यूट्रल, इथे काळी म्हणजे बॅटरीची निगेटिव्ह. बंदरात चार्जर लावायला २३० व्होल्ट होडीत येतात. ती काळी आणि ही काळी एकाच डब्यात शेजारी नांदत असतील तर कधीतरी कुणीतरी चुकीची पकडणारच. आमच्या बोर्डात त्या दोन्ही होत्या, एकाच खिळ्याला गुंडाळलेल्या. चार्जरच्या वायरी सगळ्यात आधी वेगळ्या डब्यात गेल्या.

"बारा व्होल्टला काय होतंय," असं बंदरात सगळेच म्हणतात. शॉक बसत नाही हे खरं. पण बॅटरीच्या दोन टोकांवर पाना आडवा पडला तर शेकडो ॲम्पियर त्यातून धावतात, पाना लाल होतो. बोटात अंगठी असेल तर बोटाचं काय होईल ते सांगायला नको. वायरमनने मामेभावाला अकीकची चांदीची अंगठी काढायला लावली, मलाही घड्याळ काढायला लावलं. चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून आधी फळ्या काढून हवा खेळू दिली. मग निगेटिव्ह आधी सोडली, पॉझिटिव्ह नंतर. हा क्रम का, ते मी विचारलं, मास्तराची खोड. मशीनचं लोखंड निगेटिव्हला जोडलेलं असतं. पॉझिटिव्ह आधी सोडताना पाना मशीनला टेकला तर तिथेच ठिणगी. निगेटिव्ह सुटलेली असली की पाना कुठेही टेको. जोडताना उलट, पॉझिटिव्ह आधी.

मग एकही वायर न हलवता फोटो काढले आणि मोजल्या. बोर्डावर आठ बटणं, मागे एकतीस वायरी. प्रत्येकीला चिकटपट्टीवर आकडा, दोन्ही टोकांना तोच. एक टोक माझ्या हातात, दुसरं शोधत वायरमन मल्टिमीटर घेऊन नाळेपर्यंत सरपटत जायचा, बीप वाजली की मी वहीत लिहायचो. दोन दिवस एवढंच चाललं. वर पाऊस, खाली बीप.

जळका वास तिसऱ्या दिवशी सापडला. पंपाच्या वायरीला मध्येच जोड होता, नुसता पीळ देऊन वर काळी टेप. तळातलं खारं पाणी टेपखाली शिरून तांबं हिरवं झालं होतं आणि पुढे हातभर आवरणाच्या आतपर्यंत चढलं होतं. हिरवं तांबं वीज नीट जाऊ देत नाही, तिथेच तापतं. त्यातून वायर बारीक. वायरमनने बिडीच्या बंडलावर हिशेब केला : पंप १० ॲम्पियर ओढतो, जाऊन येऊन १० मीटर वायर, दीड चौरस मिलिमीटर जाडी. म्हणजे सव्वा व्होल्टच्या आसपास वाटेतच खलास, बारातला दहावा हिस्सा. चारची वायर घातली की अर्ध्या व्होल्टच्या आत येतं. नवी वायर आणली ती कल्हईची, म्हणजे तांब्याच्या प्रत्येक तंतूवर कथिलाचा थर असलेली. आपल्या आज्या पातेल्यांना ज्या कारणासाठी कल्हई लावायच्या, जवळपास तेच कारण. जोडाला दाबून बसवायची टोपी आणि वर तापवून आवळणारी नळी.

एवढी तापली तर फ्यूज का उडाला नाही? फ्यूज नव्हताच. वारंवार उडतो म्हणून कुणीतरी त्या जागी तांब्याचे चार केस पिळून बसवले होते. फ्यूज पंपासाठी असतो असा सगळ्यांचा समज. तो असतो वायरीसाठी. म्हणून तो वायरीच्या जाडीवरून ठरतो आणि बॅटरीच्या जितका जवळ तितका बरा. अमेरिकेतल्या बोटींच्या मानकात साधारण सात इंच धरतात. आमचा बोर्डावर होता, म्हणजे बॅटरीपासून बोर्डापर्यंतची वायर बेवारस. आता बॅटरीच्या पेटीशेजारी मुख्य फ्यूज आहे. पंपाला स्वतःची वायर, स्वतःचा फ्यूज, मुख्य स्विचच्या आधीच. सगळं बंद करून माणसं घरी गेली तरी पाणी उपसलं गेलं पाहिजे.

बटणांवर नावं लिहायची वेळ आली तेव्हा खरा वाद झाला. मामू उर्दू वाचतात. दोन खलाशी नेपाळचे, त्यांना देवनागरी येते. मामेभाऊ म्हणाला, "मला पाठ आहे, लिहायचं कशाला?" मी म्हटलं, मामूंनाही पाठच होतं. तो गप्प झाला. मलाही बोलल्यावर बरं वाटलं नाही, पण ते बोलणं भाग होतं. शेवटी नावं दोन्ही लिप्यांत आणि आकडे फक्त देवनागरीत, कारण उर्दूतला पाच घाईत लिहिला की मराठी शून्यासारखा दिसतो. रात्री दोन वाजता, दातांत टॉर्च धरून वाचणाऱ्याला एवढाही घोळ परवडत नाही.

एकतीसपैकी नऊ वायरी कुठेच जात नव्हत्या. आठ काढून टाकल्या. तेवीस नंबरची काठीच्या बुंध्याशी तुटलेली. वायरमनने पक्कड लावली, आणि फळीवर बसलेल्या मामूंनी डावा हात जोरात आपटला. मग तोच हात वर, काठीच्या टोकाकडे नेला आणि मूठ उघडली. आम्हाला कळेना. मामींना कळलं : रात्री शीड चढवताना वर बघायला तिथे एक दिवा असायचा, मामूंनीच लावलेला.

वायर ठेवली. दोन्ही टोकं झाकून बंद केली, बॅटरीकडून वेगळी काढली. वहीत लिहिलं : "२३. काठीवरचा दिवा. सध्या बंद." वहीची एक प्रत प्लास्टिकच्या पिशवीत बोर्डाच्या दाराला आतून अडकवली आहे, दुसरी मामींच्या कपाटात. मामेभाऊ नवा दिवा बघतोय, एलईडीचा, पाव ॲम्पियरसुद्धा घेत नाही म्हणे.