विस्तवावाचून पाहुणचार

परवा भुयारी मेट्रोने गिरगावला उतरलो. २०२५ साली ही गाडी इथवर आली. ठाकूरद्वारच्या नाक्याकडे चालू लागलो आणि आत्याची चाळ आठवली.

लहानपणी मे महिन्यात मी तिच्याकडे राहायला येई. खोली एक, स्टोव्ह एक. दुपारी भूक लागली की आत्या म्हणे, "थांब रे, दडपे पोहे करते." पातळ पोहे, ओले खोबरे, नारळाचे पाणी, कांदा, मिरची, मीठ, साखर, लिंबू. सारे कालवून वर ताट आणि ताटावर पाण्याचा तांब्या. अर्ध्या तासात पोहे मऊ! फोडणीसुद्धा नाही. सोबत साखरेत घालून उन्हात मुरवलेल्या कोकमाचे सरबत.

पुढे १९७० साली नोकरीनिमित्त विलायतेला गेलो. घरमालकिणीने चहाबरोबर काकडीचे सँडविच दिले. पातळ चकत्यांना मीठ लावून पाणी निथळायचे, लोणी लावलेल्या पावात त्या घालायच्या, कडा कापायच्या. गोड म्हणून सिलबब : मलईत वाइन, लिंबू नि साखर घालून घुसळलेले. तिथेही विस्तव नाही! मी कौतुकाने आत्याला कळवले, "तुझ्यासारखीच सुगरण भेटली."

उत्तर आले, "बाळ, तिला हौस असेल. माझ्याकडे महिनाअखेरीला रॉकेल नसे."

परवा नाक्यावर सँडविचवाला पावाला लोणी, हिरवी चटणी लावून काकडी भरत होता. विलायत आणि गिरगाव एकाच पावात! एक घेतले. चव झकास होती. पण तो घास गिळायला मला जरा वेळच लागला.