न दिलेली हमी

लंडनच्या सिटी रोडलगत बनहिल फील्ड्स ही जुनी दफनभूमी आहे. इंग्लंडच्या राजमान्य चर्चपासून वेगळे झालेले अनेक प्रोटेस्टंट येथे विसावले आहेत. १६६२ च्या कायद्यानंतर ठरावीक प्रार्थनाग्रंथ न स्वीकारणारे शेकडो धर्मोपदेशक पदच्युत झाले. सरकारी पदे आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या पदव्याही अशा मंडळींना बंद होत्या. अनेक कुटुंबे व्यापाराकडे वळली.

येथेच जॉन बनियन यांची समाधी आहे. परवान्याविना उपदेश केला म्हणून त्यांनी १२ वर्षे कारावास भोगला. घरी अंध कन्या होती. ‘पुन्हा उपदेश करणार नाही’ एवढी हमी दिली असती, तर सुटका होती. त्यांनी ती दिली नाही.

बँकेत आयुष्यभर मी हमीपत्रे लिहून घेतली. न दिलेल्या हमीचे मोल त्या समाधीपुढे उमगले.